फाईल जड झाली? आधी वजन कुठे आहे ते बघा

कणकवलीत आमचं डिझाईनचं दुकान आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की शुभेच्छांच्या फ्लेक्सची रीघ लागते आणि नवख्या पोरांचे फोन सुरू होतात, "दादा, फोटोशॉपची फाईल सेव्ह होणा नाय." माझं पहिलं सांगणं एकच असतं, घाबरून फ्लॅटन करू नकोस, म्हणजे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) एकात मिसळू नकोस. पुढच्या वर्षी तारीख आणि फोटो बदलायला हेच लेयर लागणार आहेत.

सगळ्यात आधी माप बघा. 10 बाय 6 फुटांचा फ्लेक्स 300 रिझोल्युशनला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेलने घेतला तर रुंदी 36,000 पिक्सेल होते, आणि पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाईल) एका बाजूला 30,000 च्या पुढे जातच नाही. नुसता एक भरलेला आरजीबी (तीन रंगांचा) लेयर उघडला तरी दोन जीबीच्या वर. तेच माप 72 ला घ्या, 8,640 बाय 5,184 पिक्सेल, जेमतेम 128 एमबी. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघतात, त्याला 72 ते 100 पुरतं. आंब्याच्या पेटीचं लेबल मात्र हातात घेऊन वाचतात, तिथे 300 च हवं.

माप बरोबर असूनही फाईल फुगली असेल तर खिडकीच्या तळाशी डावीकडे बघा. तिथल्या बाणावर क्लिक करून 'डॉक्युमेंट साईझेस' निवडा, दोन आकडे दिसतील. डावा सगळे लेयर एक केल्यावरचा, उजवा लेयरसकट. डावा 128 एमबी आणि उजवा दीड जीबी असेल तर वजन लेयरमध्ये आहे. डोळ्याचं चिन्ह बंद करून लपवलेले लेयरही त्यात मोजले जातात. कॅनव्हासच्या बाहेर गेलेला भागसुद्धा. नेत्याचा कमरेपर्यंतचा फोटो लावला तरी पाय खाली लपून असतातच. 'सिलेक्ट ऑल' करून इमेज मेनूतला 'क्रॉप' दिला की सामान्य लेयरचा बाहेरचा भाग कापला जातो.

स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारे लेयर) मात्र असे कापले जात नाहीत, मूळ फोटो अख्खा आत राहतो. तोच स्मार्ट ऑब्जेक्ट लोगो पाच ठिकाणी हवा असेल तर कंट्रोल जे ने कॉपी करा, मूळ एकदाच साठतं. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' दिलं तर दर वेळी नवं. 'कन्व्हर्ट टू लिंक्ड' केलं की मूळ फोटो वेगळ्या फाईलमध्ये जातो आणि वजन बाहेर जातं, पण मग फाईल देताना फाईल मेनूतलं 'पॅकेज' वापरा, नाहीतर प्रिंटवाल्याकडे फोटो गायब.

फ्लेक्ससाठी 16 बिट (रंगाची जास्त बारकाई) नको, 8 बिट करा. तेव्हा फोटोशॉपने लेयर मर्ज (एकत्र) करायचे का असं विचारलं तर करू नका.

एवढं करूनही 2 जीबीच्या वर जात असेल तर पीएसबी (मोठ्या फाईलींसाठीचा फोटोशॉपचा प्रकार) म्हणून सेव्ह करा, लेयर तसेच राहतात. 'स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप काम करताना ड्राईव्हवर वापरतं ती जागा) भरली' असा मेसेज आला तर दोष फाईलचा नाही, ड्राईव्हवर जागा करा. आणि कॉम्प्युटरवर सेव्ह होते पण पेनड्राईव्हवर जात नाही असं असेल, तर तो बहुधा फॅट 32 (फाईली साठवायची जुनी पद्धत) ला फॉरमॅट केलेला आहे. त्यात 4 जीबीची फाईल मावत नाही. आतला डेटा काढून एक्सफॅटला फॉरमॅट करा.

प्रिंटला देताना 'सेव्ह अ कॉपी' करून, लेयर काढून, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनची टिफ (चित्राच्या फाईलचा एक प्रकार) द्या. मूळ फाईल दुकानातच ठेवा.