रिटायर झाल्यावर स्वतःचं काम सुरू करताय? आधी हे वाचा

५८ ला ऑफिस सुटतं, पहिला महिना मजेत जातो, मग घर खायला उठतं. तेव्हा काहीतरी स्वतःचं करावंसं वाटतं, चांगलंच आहे, पण फंडाच्या पैशाला हात लावून दुकान टाकू नका. आधी वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्याचे बाजूला काढा, उरलेल्यातले सरकारच्या सिनियर सिटीझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका (३० लाखांपर्यंत चालतं, व्याज दर तीन महिन्यांनी येतं). कर्जही काढू नका, डोक्यावर हप्ता असला की झोप उडते, मग कसलं आलंय समाधान.

काम असं बघा जे हाताला आधीच येतं. अकाउंट्समध्ये होतात तर हाऊसिंग सोसायट्यांचे हिशोब घ्या, भांडवल जवळपास शून्य, आणि ३० सप्टेंबरच्या आत एजीएम (सभासदांची वार्षिक सभा) घ्यायची असते त्यामुळे ऑगस्टमध्ये सेक्रेटरी स्वतः फोन करतात, व्हाउचरची पिशवी घरी आणून देतात, चहा घेतात, तासभर गप्पा होतात. खरं सांगायचं तर पैशापेक्षा हे जास्त लागतं माणसाला. म्हणून घरात एकट्याने करायचं काम शक्यतो नकोच.

रेट पहिल्याच दिवशी सांगा, ओळखीत 'बघू नंतर' म्हणालात की वर्षभर मनात कुढत बसाल. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका.

आणि दुपारची झोप सोडू नका, आता साहेब तुम्हीच आहात ना!