डोक्यातली गाठ, कलप आणि रंगपंचमी

डोक्यातली गाठ किंवा कपाळाच्या कडेचा तीळ काढायचं ठरलं, की घरात दोन दिवसांत प्रश्न निघतोच: कलप आधी लावायचा की नंतर? माझ्या मते आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असलं, तरी केस रंगवण्याच्या हिशेबात ते महिना-दीड महिन्याचं काम आहे. इंदूरच्या मराठी घरांत तर फाल्गुनापासून रंगपंचमी, मुंजी, लग्नं अशी रांग लागलेली असते.

गाठ जुनी, न दुखणारी असेल आणि डॉक्टर घाई नाही म्हणाले, तर रंगपंचमी होऊन जाऊ द्या. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, आली की टँकरमधून उडणारं रंगीत पाणी कुणाच्या डोक्याला टाके आहेत हे बघत नाही, आणि गुलाल गच्चीपर्यंत पोचतो. पण तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर सणासाठी थांबू नका. गेर पुढच्या वर्षीही निघेल.

तपासायला जाताना केस ताजे रंगवलेले नकोत. कलप टाळूवर आणि तिळावरही चढतो, मग डॉक्टरांना खरा रंग दिसत नाही. तपासणी झाली, तारीख मिळाली, की मग कलपाचा दिवस ठरवा. तो ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी असावा आणि कलपाची चाचणी त्याच्याही ४८ तास आधी, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं कलप लावून काही न झालेल्या माणसालाही त्याची ॲलर्जी अचानक होऊ शकते. टाळू लाल होऊन खाजायला लागली, तर तिथे सुरी लावायला डॉक्टर तयार होणार नाहीत आणि तारीख पुढे जाईल. ‘काळी मेंदी’ही निर्धोक समजू नका, तिच्यातही अनेकदा पीपीडीच मिसळलेलं असतं.

पूर्वी कधी कलपाने चेहरा सुजला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बेन्झोकेनसारखी काही भुलीची औषधं पीपीडीच्या नात्यातली आहेत. नेहमी वापरतात ते लिग्नोकेन त्यातलं नाही, पण नोंद झालेली बरी. सोबत रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, टाळूला रक्तपुरवठा भरपूर असला तरीही. साखर किती आहे तेही सांगा, कारण वाढलेल्या साखरेत जखम रेंगाळते.

आदल्या रात्री साध्या शांपूने डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही. घरी वस्तऱ्याने जागा साफ करून जाऊ नका. वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून जंतू शिरतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही वस्तरा नको, अगदी गरज पडली तर क्लिपर, असंच आहे. सदरा समोरून बटणांचा घाला, गळ्यातून ओढून काढावा लागेल असा नको. परतताना स्कूटर चालवायला दुसरं कुणी असू द्या आणि ताज्या टाक्यांवर हेल्मेट दाबलं जाणार, म्हणून शक्यतो रिक्षाच करा.

नंतरचे दिवस कंटाळवाणे असतात. डोकं कधी धुवायचं ते डॉक्टर सांगतील, बहुधा एक-दोन दिवसांनी, कोमट पाण्याने, न चोळता. जखम टाक्यांऐवजी डॉक्टरी गोंदाने चिकटवली असेल तर तिच्यावर तेल किंवा मलम नको, गोंद सुटतो. हळद, राख, खोबरेल यांचा आग्रह करणाऱ्या आजीला प्रेमाने दुसरं काम सांगा. कपाळाचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी निघतात, टाळूचे ७ ते १४. मधे लग्न आलं तर पुरुषांनी घट्ट साफा टाळावा. काढलेला तुकडा तपासायला पाठवला असेल, तर त्याचा अहवाल मागून घ्यायचं लक्षात ठेवा.

टाके निघाले म्हणजे कलपाला मोकळीक मिळाली, असं बहुतेकांना वाटतं. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या दहाव्या हिश्शाइतकीही ताकद नसते, आणि कलपातले अमोनिया, पेरॉक्साइड नव्या कातडीला झोंबतात. खपली पूर्ण गळलेली, ओल नाही, लाली उतरलेली, आणि ऑपरेशनला निदान चार आठवडे झालेले, असं असेल तरच डॉक्टरांना विचारून कलप लावा. जखम टाके न घालता उघडी ठेवली असेल तर आणखी थांबावं लागतं. पाल्याची शुद्ध मेंदीही तोवर नको, तिचे कण जखमेत अडकतात.

या काळात पांढरी मुळं दिसणारच. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कापलेल्या जागेभोवती पांढरा पट्टा हमखास उमटतो. भांग बदला, किंवा मुळांवरची पावडर जखमेपासून चार बोटं दूर लावा.

पार्लरमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा व्रण कुठे आहे ते मुलीला हात लावून दाखवा. त्यावर व्हॅसलिनचा थर द्यायला सांगा, ब्लीच आणि गरम टोपी नको म्हणा. जळजळ सुरू झाली, तर वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता ताबडतोब धुवून टाकायचं, रंग अर्धा चढला असला तरी.