‘बाहीर’ : एकदाच आलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ कसा लावावा

हिब्रू बायबलमध्ये ‘बाहीर’ हा शब्द एकदाच येतो, तो ईयोबाच्या पुस्तकात, 37व्या अध्यायाच्या 21व्या वचनात. कोशात ‘तेजस्वी, लख्ख’ असा अर्थ मिळतो आणि बहुतेक वाचक तेथेच थांबतात. परंतु ज्या शब्दाचे दुसरे उदाहरणच नाही, त्याचा कोशातील अर्थ हाही कोणीतरी काढलेला निष्कर्षच असतो, आणि तो पारखून घेता येतो.

प्रथम वचन शब्दशः मांडावे : ‘आणि आता ते प्रकाश पाहत नाहीत, बाहीर तो शेहाकीममध्ये, आणि वारा गेला व त्याने ते स्वच्छ केले.’ ‘शेहाकीम’ म्हणजे आभाळ, तसेच ढगही. त्यामुळे वाऱ्याने ढग पांगवल्यावर डोळे दिपतील इतका प्रखर झालेला प्रकाश, असा अर्थ लागतो. तसाच वारा येण्यापूर्वी ढगांआड मंदावलेला प्रकाश, असाही लागतो. केवळ संदर्भावर विसंबून येथे निकाल देऊ नये.

मग त्याच धातूची भावंडे शोधावीत. हिब्रू बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात त्वचारोगाची पारख सांगताना ‘बहेरेत’ हा डागासाठीचा शब्द वारंवार येतो, आणि खरा पुरावा येथेच आहे. चौथ्या वचनात ‘पांढरी बहेरेत’ म्हटले आहे, 24व्या वचनात ‘तांबूस पांढरी’. पांढरेपणा वेगळा सांगावा लागतो, त्या अर्थी तो शब्दात पुरता सामावलेला नसावा. मूळ कल्पना चकाकीची असावी. मात्र 39व्या वचनात निस्तेज पांढऱ्या डागांनाही हेच नाव दिले आहे, हे सोयीसाठी नजरेआड करू नये. पुढे मिश्नाने, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, बहेरेतची तुलना थेट बर्फाशी केली.

यानंतर जुनी भाषांतरे पाहावीत. ग्रीक भाषांतरात ईयोबातील ‘बाहीर’साठी आणि लेवीयमधील डागाच्या वर्णनातही ‘तेलाउगेस’, म्हणजे दुरून झळकणारे, हाच शब्द आहे. भगिनीभाषांना मी शेवटी विचारतो, कारण त्या दोन्हीकडून साक्ष देतात : अरबी ‘बहर’ दिपवण्याकडे झुकतो, तर सिरियाकच्या (अरामी भाषेच्या एका रूपाच्या) आधारे काही अभ्यासकांनी नेमका उलटा, ‘अंधूक’ असा अर्थ सुचवला आहे.

आजच्या हिब्रूत ‘काहोल बाहीर’ म्हणजे फिकट निळा. ही फिकट छटा मागे नेऊन ईयोबावर लादू नये. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्समध्ये पुढे आलेल्या ‘सेफेर हा-बाहीर’ या कबालाग्रंथाचे, म्हणजे यहुदी गूढवादाच्या ग्रंथाचे, नाव याच वचनावरून पडले, आणि त्याच्या आरंभीच हे वचन अंधाराविषयीच्या दुसऱ्या वचनासमोर ठेवले आहे, ही गंमत मात्र जाता जाता लक्षात घ्यावी.

मराठीत आणताना ‘शुभ्र’ टाळावे, कारण तो रंगाकडे ओढतो. ‘उजळ’ आभाळालाही चालतो आणि कातडीलाही, म्हणून दोन्ही ठिकाणचे नाते त्यात टिकते. पण ईयोबात डोळे दिपले पाहिजेत, तेथे मी ‘लख्ख’च लिहीन.