लोह ऑक्साइडच्या प्रयोगात सिलिका: आधी बाटली तपासा

फेरिहायड्राइट या जेमतेम स्फटिकी लोह ऑक्साइडचा साका ७० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवून, त्यापासून होणाऱ्या स्फटिकी गोएथाइटच्या पिवळ्या रंगाची वाट पाहताय आणि तो लालसर तपकिरीच राहतोय? पीएच मीटर किंवा फेरिक नायट्रेटवर संशय घेण्याआधी बाटली कशाची आहे ते बघा.

बोरोसिलिकेट झाली तरी काचच, म्हणजे मुख्यतः सिलिका. पीएच १२च्या वर, तेही गरम असताना, ती हळूहळू विरघळते आणि सुटलेली सिलिका फेरिहायड्राइटच्या पृष्ठभागावर घट्ट बसते. गोएथाइट व्हायला फेरिहायड्राइट आधी विरघळावे लागते. सिलिका नेमके तेच अडवते. सिलिकॉन-लोह मोलर गुणोत्तर काही शतांश असले तरी रूपांतर रेंगाळते आणि हेमटाइटचा (लाल लोह ऑक्साइडचा) वाटा वाढू शकतो. ओव्हनमधली बाटली बदलून भागत नाही. काचेच्या बाटलीत महिनोन्‌महिने पडून असलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड सिलिका घेऊनच येते. अल्कली ताजी करा, पॉलिप्रॉपिलीनमध्ये करा, आणि सिलिका न घातलेल्या नमुन्यातही सिलिका मोजा. मोजपात्र काचेचे असेल तर घाबरू नका, दोन मिनिटांत काही बिघडत नाही.

सीनियरच्या वहीतून उतरवलेल्या कृतीत भांडे कशाचे ते बहुधा नसते. विचारा. चांगला मार्गदर्शक अशा प्रश्नाला हसत नाही.

मुद्दाम सिलिका घालायची असेल तर ०.०५ गुणोत्तराने सुरुवात करा: ४.०४ ग्रॅम फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेटला ०.१४२ ग्रॅम सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेट, एकूण आकारमान ५०० मिली. म्हणजे सिलिका १ मिलिमोलर. साधारण २ मिलिमोलरच्या वर, उदासीन पीएचला, ती बहुवारिक होऊ लागते, म्हणजे तिचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि मग सुटे रेणूच मोजणारी मोलिब्डेट चाचणी कमी आकडा दाखवते, एकूण सिलिकॉन मोजणारे आयसीपी उपकरण पूर्ण. म्हणून घट्ट साठा अल्कधर्मीच ठेवा आणि विरळ केल्यावरच पीएच उतरवा. सिलिका लोहाबरोबर घातली की साका तयार झाल्यावर, हे वहीत नोंदवा: पहिल्यात कणांची वाढच खुंटते, दुसऱ्यात ती मुख्यतः पृष्ठभागावर राहते. एककही लिहा. ६० मिग्रॅ/लिटर सिलिका म्हणजे २८ मिग्रॅ/लिटर सिलिकॉन. ही गल्लत फार होते.

धुताना साका सेंट्रिफ्यूजमध्ये बसेनासा झाला तर प्रयोग फसलेला नाही. सिलिकेमुळे कणांवरचा ऋणभार वाढतो, ते एकमेकांना ढकलतात आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतात. त्या गाळलेल्या पाण्यातले लोह ‘विरघळलेले’ म्हणून नोंदवू नका. डायलिसिस करा, म्हणजे साका अर्धपार्य पडद्याच्या पिशवीत ठेवून क्षार बाहेर जाऊ द्या.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दोन रुंद उंचवट्यांपलीकडे काही दिसणार नाही. इन्फ्रारेड वर्णपट घ्या: ९५० सेमी⁻¹च्या आसपासचा पट्टा लोहाला बांधलेल्या सिलिकेचा, ११००जवळचा वेगळ्या पडलेल्या सिलिकेचा. किती फेरिहायड्राइट उरले ते पीएच ३च्या अमोनियम ऑक्झलेटने काढा, दोन तास, पूर्ण अंधारात. उजेड लागला तर गोएथाइटही विरघळते आणि आकडा फुगतो.