सुकाणूचा खडखडाट असा थांबवला

आमच्या छोट्या शिडाच्या बोटीचं सुकाणू सारखं खडखडायचं, टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) धरला की हाताला झटके बसायचे. पिंटल (सुकाणूवरच्या खुंट्या) ठीक होते पण गजनची (त्या खुंट्या ज्यात बसतात त्या बोटीवरच्या कड्यांची) भोकं झिजून लांबट झालेली, ट्रान्समवरचे (बोटीच्या मागच्या सपाट फळीवरचे) स्क्रू ढिले आणि आतल्या लाकडात पाणी मुरलेलं. अशात नुसते जाडे स्क्रू मारून काही होत नाही, कुजलेलं लाकूड पकड देणारच नाही. म्हणून स्क्रूची भोकं मोठी करून नीट सुकवली, घट्ट इपॉक्सी (कडक होणारा रेझिन) भरलं, कडक झाल्यावर त्यातच नवीन भोकं पाडून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आरपार बोल्ट टाकले, आतून बॅकिंग प्लेट (बोल्टचा दाब पसरवणारी पट्टी), भोवती पाणी अडवायला सीलंट. गजन नवीनच घेतले, बुशवाले (भोकात अस्तर असलेले). सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गजनमधून एकच सरळ सळई घालून लाइन जुळवा, मगच बोल्ट आवळा, नाहीतर सुकाणू जड फिरतं. आणि स्टॉप क्लिप (सुकाणू वर सरकू न देणारी पट्टी) लावाच, नाहीतर बोट उलटली तर सुकाणू निसटून जातं!