पहिल्या नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी

अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा (म्हणजे काही उपचार स्वतः करण्याचे प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेचा) २ वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलीच्या हाती दोन नियुक्तिपत्रे आली, की इंदूरच्या आपल्या मराठी घरांत आधी पगाराची चर्चा होते. माझ्या मते पहिला प्रश्न कामाच्या अधिकाराचा असावा. व्हेंटिलेटरची सेटिंग बदलणे, औषधाची मात्रा कमीजास्त करणे ही कामे रुग्णालयाच्या लेखी स्थायी आदेशांनुसार (कोणत्या स्थितीत परिचारिकेने काय करावे, हे आधीच ठरवून देणाऱ्या सूचनांनुसार) करायची, की तोंडी सूचनेवर, हे स्पष्ट विचारावे आणि ते आदेश प्रत्यक्ष पाहायला मागावेत. ते नसतील, तर पदनाम मोठे असूनही काम स्टाफ नर्सचेच राहते, आणि काही बिघडल्यास जबाबदारी मात्र आपल्यावर येते. परवानगी मिळाल्यास रात्रपाळीच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण पुढच्या परिचारिकेकडे सोपवले जातात तेव्हा, थांबावे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका आहे, की एकीवरच तीन रुग्ण सोपवले जातात, हे तिथेच कळते. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, म्हणून हातात येणारी रक्कम विचारून घ्यावी. बाँडसाठी, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारासाठी, मूळ प्रमाणपत्रे मागितली, तर ती कदापि देऊ नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. पुढे पुण्या-नाशिकला जायचे झाल्यास महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि मूळ कागद अडकले असतील तर तीही रखडते.