ट्रकजवळ बाहेरचा प्लग: वायरमन येण्याआधीची तयारी

सोलापुरात डिझेल गाडी थंडीमुळे अडत नाही, उतरलेल्या बॅटरीमुळे अडते. डिसेंबर-जानेवारीत सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढते तेव्हा गाड्यांना उसंत नसते आणि हंगाम सरला की त्याच गाड्या दोन-दोन आठवडे आवारात उभ्या राहतात. पुढे एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन. उष्णतेने बॅटरीतलं पाणी आटतं, आतल्या जाळ्या झिजतात, आणि पहाटे भाडं आलं की सेल्फ नुसता टकटक करतो. मग कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन ओढतं आणि चार्जर लावतं. आमच्याकडे बरीच वर्षं असंच चाललं होतं. ते बंद करून गाडी उभी राहते तिथेच भिंतीवर पक्का प्लग घेतला. त्यासाठी काय काय जमवावं लागलं आणि काय आधीच ठरवायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

कॅनडासारख्या थंड देशात असाच प्लग इंजिनाच्या हीटरसाठी बसवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेट घेतं. ब्लॉक गारठलेला असेल तर ती उष्णता लोखंडच शोषून घेतं, ऑइलही घट्ट झालेलं असतं. म्हणून रात्री हजार-दीड हजार वॅटचा हीटर लावून कूलंट गरम ठेवतात. आपल्याला हीटर लागत नाही, पण उघड्यावर, पाण्यापावसात, लोखंडी गाडीजवळ वीज नेताना घ्यायची काळजी तिकडे आणि इकडे सारखीच आहे.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करा. या प्लगवर काय चालणार ते लिहून त्यासमोर वॅट मांडा. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जोडीला २० अँपिअरचा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास घेतो. गाडी धुण्याचा प्रेशर पंप दीड ते दोन किलोवॅट. टायरच्या हवेसाठी दोन एचपीचा कॉम्प्रेसर असेल तर आणखी दीड. १६ अँपिअरच्या एका प्लगवर २३० व्होल्टने जास्तीत जास्त ३६८० वॅट मिळतात. म्हणजे चार्जर आणि पंप एकत्र चालतील, पण कॉम्प्रेसर सुरू होताना बराच जास्त करंट ओढतो, म्हणून तो आणि पंप एकत्र लावायचे नाहीत, आणि हे आवारातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायचं. मग वीजबिल काढून त्यावरचा मंजूर भार पाहा. मीटर घरगुती असेल आणि गाडी धंद्याची असेल, तर त्यावर हा प्लग चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या.

जागा ठरवायला गाडी प्रत्यक्ष उभी करा. नेहमी उभी करता तशीच, तोंड फाटकाकडे करून. बॅटरीची पेटी कोणत्या बाजूला येते, डिझेलची टाकी कुठे येते, दार उघडल्यावर कुठवर येतं, हे सगळं खडूने भिंतीवर आणि जमिनीवर आखा. प्लग बॅटरीच्या बाजूला हवा, टाकीपासून लांब, आणि जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून प्लग बॅटरीच्या पेटीच्या अगदी डोक्यावर नको. प्लगमध्ये ठिणगी उडू शकते. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळा. दुपारनंतरच्या उन्हात तिथल्या डब्यातली एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) नुसत्या उष्णतेने वेळेआधी पडते, कारण तिचं माप ३० अंशांच्या हवेला धरून ठरवलेलं असतं. साधं प्लास्टिक तर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत, वर छज्जा असेल तर उत्तम. एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) घरातच ठेवा, बाहेर फक्त प्लग आणि स्विच.

आता आरसीसीबीबद्दल. हा भाग मी कुणालाही घाईत वाचू देणार नाही.

एका सप्टेंबरात रात्रभर पाऊस झाला होता. सोलापुरात मोठा पाऊस बहुधा याच महिन्यात येतो. चार्जर लावलेला होता आणि एक्स्टेन्शनची वायर बॅटरीच्या पेटीच्या धारेवर घासून सोलली होती. आतली फेजची तार चेसिसला टेकली. आमच्याकडचे जुने चालक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, पहाटे अनवाणी आले आणि त्यांनी बंपरवर हात ठेवला. ते मागे फेकले गेले म्हणून वाचले. हात चिकटून राहिला असता तर आज हे लिहायचं बळ माझ्यात नसतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. ट्रक रबरी टायरांवर उभा असतो. लोखंडी खांबात वीज उतरली तर थोडीफार जमिनीत जाते, फ्यूज उडण्याची शक्यता तरी असते. ट्रकमध्ये उतरलेली वीज तशीच थांबून राहते. दिवा लागत नाही, फ्यूज उडत नाही, आवाज येत नाही. जमिनीवर उभा असलेला पहिला माणूस हात लावतो आणि तोच तिची वाट बनतो. एमसीबी इथे काही करत नाही. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात आणि माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा लहानसा अंश पुरतो.

म्हणून यादीतली पहिली खरेदी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे ती मोजत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सेकंदाच्या अंशात वीज तोडते. १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात. त्या आगीपासून वाचवण्यासाठी आहेत, माणसाला वाचवण्यासाठी नाहीत. दुकानदार जे काढून देईल त्यावरचा आकडा स्वतः वाचा. दोन पोलची, २५ अँपिअरची घ्या आणि तिच्यापुढे १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा बी प्रकारची उगाच पडत राहील.

आरसीसीबीला फरक ओळखायला अर्थिंग लागत नाही, हे खरं. पण अर्थिंग चांगलं असेल तर पंपाच्या किंवा कॉम्प्रेसरच्या पत्र्यात वीज उतरताच ती पडते, माणसाचा हात लागायची वाट पाहत नाही. आणि आपल्या काळ्या मातीत अर्थिंगची परीक्षा उन्हाळ्यात होते. पावसाळ्यात ही माती ओल धरते, अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. मे महिन्यात तीच भेगाळते, पाइपापासून सुटते, मधे हवा राहते. म्हणून अर्थिंगचं माप मे महिन्यात घ्या, पावसाळ्यानंतर नाही. नवा खड्डा घेत असाल तर ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट नावाची चिकणमाती, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाची चौकट. बेंटोनाइट थोडं महाग पडतं, पण ते ओल धरून पाइपाला चिकटून राहतं. भेगांच्या मातीत मी तेच घेईन. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या नरसाळ्यात बादलीभर पाणी घालायचं काम कुणाचं, तेही आत्ताच ठरवा.

वायरमनशी बोलताना एक वाक्य ठणकावून सांगा: प्लगमध्ये न्यूट्रलवरून अर्थची तार जोडायची नाही. अर्थ सापडत नाही म्हणून मागच्या मागे ही जोड देणारे लोक आहेत. टेस्ट लॅम्प लावला की तो लागतो आणि सगळं ठीक दिसतं. पण न्यूट्रल कुठे तुटला की पंपाचं लोखंडी अंग थेट फेजवर येतं. काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि शेवटी अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा त्याच्याकडून लिहून घ्या.

केबलसाठी टेप लावून मोजताना भिंतीवरची चढण, वळणं आणि दोन्ही टोकांना हातभर सुट्टी धरा. आमचं अंतर ३० मीटर भरलं. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल चालली असती, पण कॉम्प्रेसर सुरू होताना ५० अँपिअर ओढला तर त्या लांबीवर २२ व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. चार चौरस मिलिमीटरला तो आकडा १४ वर येतो. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडलेलं असतं, म्हणून चारचीच घेतली. तीन कोअर, तांब्याची, आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी कवच असलेली. दुकानात अॅल्युमिनियमची पुढे करतात, तेव्हा टोक कापून रंग पाहा. आवारातून न्यायची असेल तर ७५ सेंटिमीटर खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर, आणि जिथून भरलेल्या गाडीचं चाक जातं तिथे पाइपातून. चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप ठेवून. दोन वर्षांनी कुणीतरी पहार घेऊन येतोच.

बाहेरचा डबा आयपी ६५ किंवा ६६ चा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. प्रेशर पंपाचा फवारा चुकून भिंतीवर जाणार हे धरूनच चाला. एक गोष्ट मात्र विचारून घ्या: हे माप झाकण बंद असतानाचं की प्लग घातल्यावरचंही? पुष्कळ डबे प्लग घातला की उघडेच राहतात, आणि चार्जर तर रात्रभर लावलेलाच असतो. आम्ही शेवटी निळ्या रंगाचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घेतला. तो जाड असतो, ओढल्याने सुटत नाही, आणि घरातल्या कुणाला त्यात इस्त्रीची पिन घालता येत नाही. केबल डब्यात खालून आणि ग्लँडमधूनच, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या बुचातूनच, शिरली पाहिजे. वरून शिरलेली केबल पाणी सोबत आणते. ग्लँड, लग (तारेच्या टोकाला बसवायचे तुकडे) आणि स्टीलचे स्क्रू त्याच दिवशी घ्या, नाहीतर काम निम्म्यावर थांबतं.

गाडीकडे जाणारी वायर रबरी, तीन कोअर, अडीचची, आणि लागेल तेवढीच लांब. गुंडाळी अर्धवट सोडून वापरू नका, आतली वेटोळी तापतात. बॅटरीच्या पेटीच्या धारेला जुन्या ट्यूबचा तुकडा आधीच बसवून घ्या. आमची वायर तिथेच सोलली होती.

कामाच्या दिवशी गाडी आवाराबाहेर लावा, घरच्यांना दोन-तीन तास वीज नसेल हे सांगा, पाण्याची टाकी सकाळीच भरून घ्या. काम झालं की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडली पाहिजे. मग ठेकेदाराला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा दिवा लावायला सांगा. तो लागता कामा नये, कारण जवळजवळ अर्धा अँपिअर अर्थकडे जाताच आरसीसीबी पडायला हवी. दिवा जळत राहिला किंवा आरसीसीबी पडलीच नाही तर पैसे देऊ नका, पुन्हा उघडायला लावा. ही आरसीसीबी कोणत्या प्लगची आहे ते तिच्याखाली मराठीत लिहून चिकटवा. बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं.

चार्जर लावताना आधी चिमटे बॅटरीला, मग स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे. आणि डब्याशेजारी भिंतीत एक खुंटी ठोकून घ्या. वायर गाडीला जोडली की गाडीची चावी त्या खुंटीवर टांगायची, म्हणजे पहाटेच्या घाईत कुणी वायरसकट गाडी फाटकाबाहेर काढत नाही. ही खुंटी मामांनी सुचवली आणि स्वतःच ठोकली.